कै. सावित्रीबाई फुले : मुलांना शाळेत टिकविणारी शिक्षिका

दर वर्षी ३ जानेवारीस महाराष्ट्रातील प्राथमिक शाळांत सावित्रीबाई फुले ह्यांचा जन्मदिवस पाळतात. तसबिरीस हार घालतात, मुली भाषणे करतात, आणि ह्या बाईंनी मुलींची शाळा काढली एवढे प्रत्येक मुलास पाठ असते. बीड जिल्ह्यातील धारूर तालुक्यात मात्र हा दिवस मोठ्या अडचणीच्या काळात येतो. त्या वेळी उसाचा हंगाम ऐन भरात असतो. बालाघाटच्या कोरडवाहू रानात पोट भरत नाही, म्हणून मुकादमाची उचल घेऊन कित्येक नवराबायको कोयत्याने पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेली असतात. त्यांच्याबरोबर मुलेही जातात. त्यामुळे ज्या बाईंनी गरिबाच्या मुलास शाळेत आणण्यासाठी आयुष्य वेचले, त्यांच्या जन्मदिवशी वाड्यावस्त्यांवरील कित्येक गरिबांची मुले शाळेत नसतात. ह्या कारणाने सावित्रीबाईंचे चरित्र आमच्या गावोगावच्या मंडळ्यांत, आणि विशेषेकरून शिक्षक व उपदेशक बंधुभगिनींत, पुन्हा एकदा नीट वाचले जावे असे वाटते. शाळा काढणे ही त्यांच्या कार्याची केवळ सुरुवात होती. काढलेल्या शाळेत मूल टिकविण्यासाठी त्यांनी जे केले ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

बालपण आणि विवाह

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे झाला. त्यांचे वडील खंडोजी नेवसे हे गावचे पाटील, आई लक्ष्मीबाई. घर शेतकऱ्याचे, माळी जातीचे. त्या काळी मुलींना अक्षरओळख करून देण्याची चाल नव्हती. मुलीने हाती पुस्तक धरले तर घरावर संकट येते, अशी भोळी समजूत थोरामोठ्यांच्या घरीही होती.

लहान असताना सावित्रीबाई शिरवळच्या बाजारास गेल्या होत्या. तेथे काही ख्रिस्ती उपदेशक गाणी म्हणत होते. त्यांनी ह्या चुणचुणीत मुलीस चित्रांचे एक लहानसे पुस्तक दिले. ते वडिलांस आवडले नाही. परंतु मुलीने ते जपून ठेवले आणि लग्न झाल्यावर सासरी बरोबर नेले, अशी गोष्ट सांगतात. वाचता येत नसतानाही पुस्तक जपून ठेवणारी मुलगी पुढे काय करणार, ह्याची चाहूल ह्या गोष्टीत लागते.

सन १८४० मध्ये पुण्याच्या गोविंदराव फुले ह्यांचे पुत्र जोतीराव ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू नऊ वर्षांची व वर तेरा वर्षांचा होता. जोतीरावांची आई ते तान्हे असतानाच वारली होती. त्यांना सगुणाबाई क्षीरसागर ह्या मावसबहिणीने वाढविले. ह्या सगुणाबाई एका मिशनरी साहेबाच्या मुलास सांभाळण्याचे काम करीत असत, त्यामुळे विद्येचा उपयोग काय असतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. लोकांच्या सांगण्यावरून गोविंदरावांनी मुलाची शाळा एकदा बंदही केली होती. परंतु गफार बेग मुनशी आणि लेजिट साहेब ह्या दोन शेजाऱ्यांनी त्यांची समजूत घातली. मग १८४१ पासून जोतीराव पुण्यातील स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकू लागले. दोन शेजारी एका बापाशी बोलावयास गेले नसते, तर पुढचे काहीच घडले नसते. गावातील शहाण्या माणसांनी ही गोष्ट ध्यानी ठेवावी.

स्वतः शिकून शिक्षिका

जोतीराव जे शिकत ते ते आपल्या पत्नीस शिकवीत. शेतात झाडाच्या सावलीस बसून, काडीने मातीवर अक्षरे गिरवून सावित्रीबाई व सगुणाबाई शिकल्या असे सांगतात. पतीने पत्नीस शिकविणे ही त्या काळी हसण्यावारी नेण्याची गोष्ट होती. परंतु शिकविणाऱ्याने कमीपणा मानला नाही आणि शिकणारीने लाज धरली नाही.

ह्याच सुमारास अहमदनगर येथे अमेरिकन मिशनच्या मिस सिंथिया फरार मुलींच्या शाळा चालवीत होत्या. ह्या बाई १८२७ साली अमेरिकेहून मुंबईस आल्या, पुढे १८३९ पासून नगरास राहिल्या आणि १८६२ साली तेथेच वारल्या. मिशनऱ्यांनी मुंबईत मुलींची शाळा १८२४ सालीच काढली होती, तेव्हा मुलींस शिकविणे हे सर्वस्वी नवे होते असे नाही; परंतु त्या शाळा परदेशी माणसांच्या होत्या. जोतीराव नगरास गेले असता त्यांनी मिस फरारच्या शाळा पाहिल्या. मुली वाचतात, लिहितात, समजून उत्तरे देतात, हे पाहून त्यांचे मन भरून आले, आणि आपल्या देशातील माणसांनी आपल्याच मुलींसाठी हे का करू नये, हा प्रश्न घेऊन ते पुण्यास परतले. सावित्रीबाईंनीही नगरास मिस फरार ह्यांच्याकडे व पुण्यात मिचेल मॅडम ह्यांच्या शाळेत शिक्षिकेच्या कामाचे शिक्षण घेतले, असे त्यांचे चरित्रकार लिहितात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. फुले पतिपत्नींनी मिशनऱ्यांपासून शाळेची कल्पना घेतली, त्यांच्याशी स्नेह ठेवला, त्यांची मदतही घेतली. परंतु त्यांनी बाप्तिस्मा घेतला नाही. १८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि आपल्या समजुतीप्रमाणे एका निर्मिकाची भक्ती करण्याचा मार्ग धरला. त्यांना आपल्या मंडळीचे म्हणून मिरविण्याचा अधिकार आपणांस नाही. त्यांच्यापासून शिकण्याचा अधिकार मात्र सर्वांस आहे.

पहिली शाळा आणि तिचे हाल

सन १८४८ मध्ये पुण्यातील बुधवार पेठेत, तात्यासाहेब भिडे ह्यांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. शिकविणाऱ्या सावित्रीबाई त्या वेळी सतरा वर्षांच्या होत्या. मुली थोड्याच होत्या आणि त्यांच्या घरची माणसेही भीतभीतच त्यांना धाडीत.

शाळेस जाता येता लोक सावित्रीबाईंस शिव्या देत, अंगावर शेण, चिखल व खडे फेकीत. म्हणून त्या निघताना एक जादा लुगडे बरोबर नेत. शाळेत पोहोचल्यावर मळलेले बदलून स्वच्छ नेसत, आणि परत जाताना पुन्हा जुनेच नेसून निघत, अशी आठवण सांगतात. ही गोष्ट आपण पुष्कळ वेळा ऐकतो आणि धैर्याचा दाखला म्हणून पुढे सांगतो. परंतु तीत शिक्षकासाठी आणखी एक अर्थ आहे. रस्त्यावरील घाण त्यांनी मुलींपुढे नेली नाही. मुलींना शाळेत दिसत असे ती स्वच्छ, शांत आणि वेळेवर आलेली शिक्षिका. बाहेरच्या जगाने आपल्याशी कसे वर्तन केले ह्याचा राग वर्गातील लेकरांवर काढावयाचा नाही, हा धडा त्या पुस्तकावाचून शिकवीत होत्या.

लोकांनी गोविंदरावांचेही कान भरले. सून शाळेत शिकविते म्हणजे कुळास बट्टा लागतो, असे त्यांस सांगितले गेले. वृद्ध पित्याने १८४९ साली मुलास व सुनेस शाळा सोडा किंवा घर सोडा असे दोन मार्ग दाखविले. दोघांनी घर सोडले. त्यांना उस्मान शेख नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आसरा दिला. त्यांच्या घरच्या फातिमा शेख ह्याही शाळेच्या कामी सावित्रीबाईंच्या सोबतीण झाल्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी नायगावास गेल्या असता तेथून त्यांनी पतीस पत्र धाडले. आपल्या पाठीमागे शाळेचा भार फातिमेवर पडला असेल, तिला त्रास होत असेल, तरी ती कुरकुर करणार नाही, असा भाव त्या पत्रात आहे. अंथरुणावर पडूनही ज्या बाईंना आपल्या जागी उभ्या असलेल्या सोबतिणीची काळजी वाटते, त्यांची शाळा एकटीची नव्हती. चांगली शाळा कधीच एकट्याची नसते.

ह्या धामधुमीत पहिली शाळा काही काळ बंद पडली. पुष्कळ चरित्रांत ही गोष्ट एका ओळीत उरकतात. परंतु आमच्या मते ती थांबून पाहण्यासारखी आहे. इतका त्रास सोसून काढलेली शाळा बंद पडल्यावर, देवाची इच्छा नव्हती किंवा लोकच नालायक आहेत असे म्हणून स्वस्थ बसणारे आपण किती तरी पाहतो. सावित्रीबाई व जोतीराव स्वस्थ बसले नाहीत. ३ जुलै १८५१ रोजी बुधवार पेठेतच अण्णासाहेब चिपळूणकर ह्यांच्या वाड्यात पुन्हा शाळा उघडली. पहिल्या दिवशी आठ मुली आल्या. पुढे त्यांची संख्या अठ्ठेचाळीस झाली. १७ सप्टेंबर १८५१ रोजी रास्ता पेठेत दुसरी आणि १५ मार्च १८५२ रोजी वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. महार, मांग इत्यादी लोकांच्या मुलांस विद्या देण्यासाठीही शाळा काढण्यात आल्या व त्यांच्या कारभाराकरिता एक मंडळी नेमण्यात आली.

शाळेतील दिवस

ह्या शाळांत लेखन, वाचन, गणित व व्याकरण शिकवीत. नकाशे दाखवून भूगोल शिकवीत आणि मराठ्यांचा इतिहास सांगत. ज्या मुलींनी आपल्या पेठेपलीकडचे पुणेही पाहिले नव्हते, त्या नकाशावर बोट ठेवून आशिया खंड दाखवू लागल्या.

मुले मिळविण्याचे काम मात्र शिकविण्याहून कठीण होते. मांगवाड्यात लहुजी आणि महारवाड्यात राणबा ही दोन भली माणसे आईबापांकडे जाऊन शाळेचा लाभ समजावून सांगत व मुलांस घेऊन येत. लहुजी हे तालमीचे वस्ताद म्हणून प्रसिद्ध होते. त्यांच्या शब्दास त्यांच्या लोकांत मान होता. सावित्रीबाई व जोतीराव परक्या पेठेतून येऊन जे सांगत, तेच घरच्या माणसाच्या तोंडून आले म्हणजे आईबापांस पटत असे. शाळा आणि वस्ती ह्यांच्यामध्ये उभे राहणारे असे माणूस प्रत्येक गावी लागते.

ह्या शाळांच्या जीवनातील सर्वांत मोठा दिवस वार्षिक परीक्षेचा असे. ती परीक्षा आजच्यासारखी बंद खोलीत कागदावर होत नसे. मुलींना सर्वांसमक्ष उभे करून प्रश्न विचारीत, आणि आईबाप, शेजारी, शास्त्रीपंडित, सरकारी साहेब, असे सारे शहर ऐकावयास येई. १२ फेब्रुवारी १८५३ रोजी झालेल्या परीक्षेस २३७ मुली बसल्या आणि पाहणारे सुमारे तीन हजार जमले होते. चार वर्षांपूर्वी ज्या शहराने ह्याच शिक्षिकेवर शेण फेकले, तेच शहर आता तिच्या विद्यार्थिनींची उत्तरे ऐकावयास गर्दी करून उभे होते. वादविवादाने जे साधले नसते, ते आठदहा वर्षांच्या मुलींनी धडा वाचून दाखविल्याने साधले. त्यापूर्वी १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी साहेबांच्या हस्ते सरकारने जोतीरावांस शालजोडी देऊन गौरविले होते. कौतुक पतीचे झाले. रोज वर्गात उभे राहण्याचे काम मात्र पत्नीचे होते, आणि त्यासाठी त्या वेतन घेत नसत.

मुक्ताबाईचा निबंध

ह्या शाळांचे खरे फळ कोणते, असे कोणी विचारील तर मुक्ताबाई ह्या मांग जातीच्या विद्यार्थिनीचे नाव सांगावे लागेल. ही मुलगी शाळेत अवघी तीन वर्षे शिकली होती. तिने मांग व महार लोकांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला. तो ज्ञानोदय ह्या मिशनच्या वर्तमानपत्रात १५ फेब्रुवारी १८५५ आणि १ मार्च १८५५ अशा दोन अंकांत छापला गेला. हे पत्र १८४२ साली अहमदनगर येथे सुरू झाले होते.

त्या निबंधात मुक्ताबाईने देवाला उद्देशून आपल्या लोकांचे दुःख मांडले आहे. वेद आमच्यासाठी नाहीत असे जर ब्राह्मण म्हणतात, तर मग आमचा धर्म कोणता, हे तिने सरळ विचारले आहे. पूर्वीच्या राज्यात तिच्या लोकांवर झालेले जुलूम तिने सांगितले आहेत. उघड्यावर बाळंत होणाऱ्या, अंगावर छप्पर नसलेल्या स्त्रियांचे हाल वर्णिले आहेत. आणि शेवटी आपल्याच लोकांकडे वळून, हे सर्व दुःख दूर करण्याचे औषध विद्या आहे, ते घ्या, अशी विनवणी केली आहे.

हा निबंध सावित्रीबाईंच्या नावावर नाही. परंतु शिक्षिकेच्या चरित्रात तिच्या स्वतःच्या लेखनापेक्षा विद्यार्थिनीच्या लेखनास वरचे स्थान द्यावे लागते. सावित्रीबाईंनी स्वतःही १८५४ साली काव्यफुले हा कवितासंग्रह प्रसिद्ध केला. तरी आम्हांस वाटते की मुक्ताबाईने विचारलेला प्रश्न हेच त्यांचे मोठे काव्य होय. शिकलेले मूल केवळ वाचीत नाही, ते विचारू लागते. आणि असे विचारू देणारी शाळा त्या काळी फार थोड्या ठिकाणी होती.

पैसा आटला तेव्हा

आरंभी ह्या शाळांस पुण्यातील काही युरोपियन गृहस्थांची वर्गणी मिळे, आणि दक्षिणा फंडातूनही मदत होई. १८५७ च्या बंडानंतर युरोपियन लोकांचा हात आखडला आणि वर्गण्या कमी झाल्या. चालक मंडळींत मतभेदही झाले. जोतीराव १८५८ च्या सुमारास शाळांच्या कारभारातून बाजूस झाले, आणि पुढे ह्या शाळा एकामागून एक क्षीण झाल्या. म्हणजे ज्या शाळांमुळे सावित्रीबाईंचे नाव आज घरोघर आहे, त्या शाळा त्यांच्या डोळ्यांदेखत मागे पडल्या.

मग त्यांनी काय केले? त्यांनी मुलांना सोडले नाही. शाळा नसेल तर घर, घर पुरत नसेल तर आश्रम, असे त्यांच्या कामाचे रूप बदलत गेले. १८५५ साली शेतकरी व मजूर ह्यांच्यासाठी रात्रीची शाळा निघाली होती, तेथे दोघेही शिकवीत. १८६३ साली त्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवा स्त्रिया लोकलज्जेने आपले मूल मारून टाकीत किंवा स्वतः जीव देत, त्यांना तेथे गुप्तपणे बाळंत होता येई. अशाच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचा मुलगा फुले पतिपत्नींनी दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. त्यांना पोटचे मूल नव्हते. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस मोकळा केला.

त्यांच्या घरी विद्यार्थ्यांचे वसतिगृहही होते. परगावची गरीब मुले तेथे राहून शिकत. त्या वसतिगृहात राहिलेले लक्ष्मण कराडी जाया नावाचे विद्यार्थी पुढे आठवण सांगत की सावित्रीबाईंइतकी माया आईनेही केली नसती. दुसऱ्या एका परिचिताची आठवण अशी की गरीब बाई फाटके नेसून दिसली की सावित्रीबाई आपल्या घरातले लुगडे तिला देत. खर्च फार होतो असे जोतीराव म्हणत, तेव्हा त्या हसून, बरोबर काय न्यावयाचे आहे असे विचारीत. ह्या साध्या आठवणींत त्यांच्या शिक्षणपद्धतीचे मर्म आहे. भुकेल्या मुलास पाटी देऊन भागत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

१८७६–७७ साली दख्खनेत भयंकर दुष्काळ पडला. माणसे गावे सोडून चालू लागली, गुरे मेली, आईबाप लेकरांस वाटेत टाकून जाऊ लागले. त्या वेळी सावित्रीबाई जुन्नर भागात ओतूर येथे राहून सत्यशोधक मंडळींबरोबर अन्नदानाच्या कामात होत्या. १८७७ साली पुण्याजवळ धनकवडी येथे दुष्काळपीडित मुलांसाठी बालाश्रम काढण्यात आला व तेथे मुलांस जेवू घालण्यात येई. सव्वीस वर्षांपूर्वी मुलींना अक्षरे शिकविणाऱ्या बाई आता भाकरी वाटीत होत्या. आम्हांस त्यात काही बदल दिसत नाही. दोन्ही कामे एकाच मुलासाठी होती.

अखेरची वर्षे

१८८८ साली जोतीरावांस अर्धांगवायूचा झटका आला आणि २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले. यशवंत दत्तक असल्यामुळे अंत्ययात्रेत टिटवे कोणी धरावयाचे ह्यावरून भाऊबंदांनी तंटा केला. तेव्हा सावित्रीबाई स्वतः पुढे झाल्या व त्यांनी टिटवे धरून पतीस अखेरचा निरोप दिला. पुढे १८९३ साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले.

१८९७ साली पुण्यात प्लेगाने थैमान घातले. यशवंत तोवर डॉक्टर झाले होते. त्यांनी शहराबाहेर हडपसरकडील ससाणे ह्यांच्या माळावर दवाखाना उघडला. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करू लागल्या. लोक आपल्या रक्ताच्या माणसासही शिवण्यास भीत होते. मुंढवे गावच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगाने आजारी असल्याचे त्यांना समजले. त्याला आणावयास दुसरे कोणी नव्हते, म्हणून त्यांनी त्यास स्वतःच्या पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मुलगा वाचला असे सांगतात. परंतु रोग सावित्रीबाईंस जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

आपला बोध

सावित्रीबाई गेल्या त्यास सव्वाशे वर्षे होऊन गेली. २०१४ साली पुणे विद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले. हा मान योग्यच आहे. परंतु ज्या मुलासाठी त्या झटल्या ते मूल विद्यापीठापर्यंत पोहोचण्यापूर्वी पहिली-दुसरीच्या वर्गातूनच गळून पडते, हे आमच्या धारूर भागातील शिक्षकांस सांगावयास नको.

दिवाळी सरली की टोळ्या निघतात. कारखान्याच्या आवारात किंवा उसाच्या फडाजवळ खोप उभी राहते. आई पहाटे मोळ्या बांधावयास जाते आणि आठनऊ वर्षांची मुलगी धाकट्या भावास कडेवर घेऊन खोपीत राहते. मार्च-एप्रिलात ती परत येते तोवर वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. दोन-तीन हंगाम असे गेले की ती शाळेचे नाव टाकते, आणि मग आईबापांस तिच्या लग्नाची घाई होते. एकटी मुलगी मागे कोणापाशी ठेवावी, ही त्यांची भीती खोटी नाही. परंतु लहान वयात लग्न लावून त्या मुलीचे रक्षण होत नाही. कायद्यानेही अठरा वर्षांच्या आत लग्न करण्यास मनाई आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास मोफत शिक्षण मिळण्याचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. हक्क कागदावर आहे, मूल फडात आहे. ह्या दोहोंमधील अंतर कोणी तरी चालून गेले पाहिजे.

हे अंतर चालून जाण्याच्या वाटा सावित्रीबाईंच्या चरित्रातच आहेत. त्यांनी मुलांसाठी आपल्या घरी वसतिगृह केले. आज बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. टोळी निघण्यापूर्वीच शिक्षक व मंडळीतील वडील माणसांनी घरोघर जाऊन कोणते मूल जाणार आणि कोणते मागे राहू शकेल ह्याची यादी करावी. आजीआजोबा घरी असतील तर त्यांस धीर द्यावा. वसतिगृहातील जेवण, मुलींची निजण्याची जागा, रात्रीची सोबत, ही व्यवस्था बरी आहे की नाही हे मंडळीतील बायांनी स्वतः जाऊन पाहावे. आईचा विश्वास बसल्याखेरीज मूल मागे राहणार नाही, आणि विश्वास कागदावरील योजनेने बसत नाही. तो ओळखीच्या बाईच्या शब्दाने बसतो. लहुजी आणि राणबा हेच करीत.

त्यांची पहिली शाळा बंद पडली आणि त्यांनी ती पुन्हा उघडली. जे मूल एप्रिलात परत येते त्यास मागे राहिलेला म्हणून हिणवू नये. ते पुन्हा येऊन बसले हेच मोठे आहे. त्याच्याकरिता संध्याकाळी तास-दीड तास बसणारा एक तरुण किंवा तरुणी प्रत्येक मंडळीत निघावी. देवळाची पडवी त्या वेळी बहुधा रिकामीच असते.

त्यांच्या शाळेची परीक्षा गावासमोर होई. आपल्या गावातही वर्षातून एक दिवस मुलांनी आईबापांपुढे वाचून दाखवावे, हिशेब करून दाखवावा, नकाशा दाखवावा. ज्या बापाने उचलीच्या कागदावर आयुष्यभर अंगठा उठविला, त्याने आपल्या मुलीस तोच कागद वाचताना एकदा ऐकले, तर पुढच्या हंगामास तिला बरोबर नेताना त्याचे पाऊल अडखळेल.

आणि त्यांनी मुक्ताबाईस विचारू दिले. आपल्या शाळेतील मुलीने अवघड प्रश्न विचारला, तर तिला गप्प बसवू नये. कोणास ठाऊक, ती आपल्या साऱ्या वस्तीच्या वतीने विचारीत असेल.

३ जानेवारीस तसबिरीस हार अवश्य घालावा. परंतु त्याच दिवशी हजिरीपट उघडून कोणती नावे गैरहजर आहेत ती मोठ्याने वाचावी, आणि प्रत्येक नावापुढे ते मूल आज कोठे आहे हे लिहावे. सावित्रीबाईंनी आजारी मुलगा मुंढव्याहून पाठीवर आणला, तो आधी त्याचा ठावठिकाणा विचारूनच.